गंजलेली असती तर

रविवारी सकाळी आमच्या स्वयंपाकघरात दोन आधणं चढतात. एक चहाचं, दुसरं बंदुकीचं. चहा पाच मिनिटांत होतो. बंदुकीच्या आधणावरून निघालेला विषय मात्र दुपारच्या वरणभातापर्यंत पुरतो. "अहो, ते दुधाचं पातेलं आहे," इथून सुरुवात होते आणि "मामंजींनी तुम्हाला शेत द्यायला हवं होतं," इथं पूर्णविराम पडतो. वडिलांनी निफाडकडचं शेत थोरल्या भावाला दिलं आणि मला रायफल. वाटणीच्या दिवशी मला वाटलं होतं, भाऊ फसला.

आधण कशाला, तर नळी धुवायला. जुन्या काडतुसांच्या टोपीत असा मसाला असे, की बार उडाल्यावर त्याचा क्षार नळीत मागे राही. क्षार हवेतला ओलावा ओढतो आणि ओलावा लोखंड खातो. म्हणून गोऱ्या शिपायाला शिकवलेलं असे: बार झाला की नळीत उकळतं पाणी ओत, कोरडी कर, मग तेल दे. वडिलांनी हे एका निवृत्त हवालदाराकडून उचललं आणि मी वडिलांकडून. आमचे शेजारी सुभेदारसाहेब तोफखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी एकदा कुंपणावरून हा सोहळा पाहिला.

"मॅनेजरसाहेब, शेवटचा बार कधी उडवलात?"

"मी नाही, वडिलांनी. वन्यजीवांचा कायदा यायच्या आधी. म्हणजे एकाहत्तर-बहात्तर साल असेल."

सुभेदारांनी जरा हिशेब केला. "म्हणजे पन्नास वर्षं कडक उपास आणि दर रविवारी एनिमा," ते म्हणाले आणि झाडांना पाणी घालायला गेले.

रायफलीची ओळख करून देतो. तिला लोक 'थ्री-फिफ्टीन' म्हणतात. जन्म पश्चिम बंगालातल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात. इंग्रजी फौजेची ती प्रसिद्ध थ्री-नॉट-थ्री याच कारखान्यात बनायची. आमची तिची धाकटी, मुलकी बहीण. नाकीडोळी तीच, फक्त तोंड वेगळं. कारण सैन्याचं काडतूस रयतेच्या बंदुकीत बसता कामा नये, असं इंग्रजांनी ठरवलं होतं. रयतेनं फौजेचं गोदाम फोडलं तरी तिच्या हाती न बसणारी काडतुसं लागावीत, एवढी दूरदृष्टी. मग रयतेसाठी जे काडतूस निवडलं, ते होतं ऑस्ट्रियाच्या बादशाही सैन्याचं, एकोणिसाव्या शतकातलं. म्हणजे काडतूस व्हिएन्नाचं, आराखडा इंग्लंडचा, लोखंड इशापूरचं आणि परवाना निफाडचा. एवढा प्रवास आमच्या घराण्यात दुसऱ्या कोणीही केलेला नाही.

मला हे वेड लागलं ते कॉलेजातल्या एनसीसीत. कवायतीला थ्री-नॉट-थ्री मिळायची, पण ती 'डीपी'. आता डीपी म्हटलं की पोरं फोनवरचा फोटो बदलतात. तेव्हा डीपी म्हणजे 'ड्रिल पर्पज', नळीला भोक पाडून कायमची निरुपयोगी केलेली. चार किलोचं ते धूड 'बाजू शस्त्र'ला नेमकं अंगठ्यावर उतरे. सफाईच्या तासाला 'पुलथ्रू' नावाची दोरी मिळे. तिच्या फासात चिंदी अडकवायची आणि नळीतून एका दमात ओढायची. साफ करायची चिंदी चार बाय दोन इंच, तेल द्यायची चार बाय दीड. मी एकदा तेलाला चार बाय दोनची चिंदी लावली, तर उस्तादजींनी मला मैदानाला तीन फेऱ्या मारायला लावल्या. पुढं बँकेत पस्तीस वर्षं काढली. लाखांचे फरक पाहिले, पण अर्ध्या इंचासाठी एवढी बोलणी पुन्हा कधी खाल्ली नाहीत.

बँकेतही बंदूक होतीच, गार्डच्या हातातली बारा बोअर. आमच्या शाखेतलं ते एकमेव यंत्र, ज्याचं 'लिंक फेल' झाल्याचं कधी ऐकलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मी गार्डशेजारी बसून तिचा दस्ता न्याहाळायचो. दस्त्याच्या लाकडाला जवसाचं तेल चोळावं, पण हातानं, फडक्यानं नाही, हे ज्ञान मला तिथं मिळालं. तळहाताच्या उबेनं तेल लाकडात मुरतं. घरी येऊन मी हा प्रयोग केला. बायकोनं लांबून पाहिलं आणि म्हणाली, "माझे गुडघे पण दुखतात हो."

आता संग्रहाविषयी. जुन्या फौजी रायफली जमवणं हा जगात मोठा छंद आहे. माझा पुतण्या ओहायोत असतो. तिकडं पन्नास वर्षांहून जुन्या बंदुका जमवणाऱ्यांसाठी वेगळा परवाना आहे. तो एकदा काढला की महायुद्धातली रायफल कुरिअरनं थेट घरी येते. त्यानं व्हिडिओवर तळघर दाखवलं. भिंतीवर रशियन, ब्रिटिश, तुर्की अशा ओळीनं नऊ बायका... म्हणजे रायफली. नव्यानं आलेली एक टेबलावर आडवी होती, काकवीसारख्या चिकट तपकिरी थरात लडबडलेली. फौजा गोदामात माल ठेवताना हे ग्रीस फासतात, त्याला कॉस्मोलिन म्हणतात. ते काढायला हे लोक रायफल काळ्या प्लॅस्टिकात गुंडाळून उन्हात ठेवतात. ओहायोत ऊन कुठलं? पोरगा हीटरपुढं धरून बसला होता. नाशिकच्या मे महिन्यात हे काम गच्चीवर फुकट झालं असतं, एवढं मात्र मला वाटून गेलं.

त्यांचं एक खूळ मला मनापासून पटलं. रायफलीच्या अंगावर एक नंबर असतो, बोल्टवरही असतो. दोन्ही जुळले तर ती अस्सल. बोल्ट दुसरीचा असेल तर किंमत उतरते. पुतण्या तासभर भिंग घेऊन नंबर जुळवत होता. त्याच्या लग्नाच्या वेळी आम्ही पत्रिका जुळवायला काढली, तेव्हा हाच मुलगा "काका, हे सगळं थोतांड आहे" म्हणाला होता.

मग त्यानं भिंतीवरची सातवी रायफल कॅमेऱ्याजवळ आणली. "काका, ही ओळखीची वाटते का?" तिच्यावर अशोकस्तंभाचे सिंह होते आणि खाली 'आर.एफ.आय.'. रायफल फॅक्टरी, इशापूर! १९६२च्या चीन युद्धानंतर थ्री-नॉट-थ्रीच्याच ठेवणीवर ७.६२ मिलिमीटरची म्हणून जी बनवली, ती 'टू-ए-वन'. आपल्या करातून घडलेली, इथल्या कुणा शिपायानं खांद्यावर वागवलेली, मग जुना माल म्हणून जहाजात चढलेली. आता ती ओहायोत राहते. इथं माझ्या घरी ती आणायची म्हटलं तर 'प्रतिबंधित बोअर'. त्या परवान्याचं दार थेट दिल्लीत, केंद्रीय गृहमंत्रालयात. इशापूर ते नाशिक तिला व्हिसा नाही, ओहायोत मात्र ग्रीन कार्ड. मला क्षणभर भरून आलं. "गंज नाही ना?" एवढंच विचारलं.

गंज हा शब्द माझ्या तोंडून निघाला खरा, पण त्याचं खरं मोल मला नंतर कळलं.

झालं असं, की संग्राहक म्हणून आपल्याला कायद्यात काही सवलत आहे का, हे पाहायला मी १९५९चा शस्त्र अधिनियम वाचायला घेतला. कलम ४५ला आलो आणि डोळे चमकले. जुन्या धाटणीची, पुराणवस्तू म्हणून मोल असलेली किंवा मोडकी हत्यारं यांना या कायद्यातून सूट आहे. मी बायकोला हाक मारली. ती आली, तिनं चष्मा लावला आणि पुढची अट वाचून दाखवली. हत्यार दुरुस्त न करता किंवा करूनही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगं नसेल, तरच.

म्हणजे काय ते नीट पाहा. माझ्या वडिलांनी ही रायफल पडवीत कुडाला टेकवून ठेवली असती, तिच्या नळीत कुंभारमाशीनं घर केलं असतं, दस्त्याला वाळवी लागली असती, तर आज मी सुखी माणूस असतो. ती माझ्या दिवाणखान्यात भिंतीवर असती आणि पाहुण्यांनी वाहवा केली असती. पण वडिलांनी निगा राखली. मी निगा राखली. दर रविवारी चिंदी ओढून, तेल देऊन मी तिला पुन्हा पुन्हा कायद्याच्या तावडीत ढकलत होतो. आपल्याकडं जुन्या वस्तूवर प्रेम करायचं असेल तर आधी ती मरावी लागते. वाड्यांचं आपण तेच करतो, हे जाता जाता.

पुरावशेषांचा कायदा पाहावा तर त्याला शंभर वर्षं हवीत. तो कायदा १९७२चा. वन्यजीवांचाही १९७२चा. बहात्तर साल म्हटलं की महाराष्ट्राला दुष्काळ आठवतो. आमच्या रायफलीवर तो आजतागायत चालू आहे.

बरं, संग्रह करायचा म्हटलं तर किती? पूर्वी एका माणसाला तीन हत्यारं चालत. २०१९च्या दुरुस्तीनं दोनवर आणलं. दोन वस्तूंना मराठीत संग्रह म्हणत नाहीत, जोडी म्हणतात. माझ्याकडं तर एकच.

तेव्हा मी प्रामाणिकपणे कबूल करतो: माझा संग्रह कागदांचा आहे. तो मात्र दृष्ट लागण्यासारखा आहे. वडील गेले तेव्हा वारस म्हणून परवान्याचे सोपस्कार कोणी करायचे, यावर भाऊ म्हणाला, "तू बँकेतला, तुला फॉर्म भरायची सवय." दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणं हा वाक्प्रचार मी त्या दिवशी अक्षरशः जगलो. मग रायफल आधी जमा. वारस दाखला. भावा-बहिणींची नाहरकत पत्रं. परवाना गावचा, मी राहतो शहरात. गावाकडं परवाना कलेक्टर कचेरीचा, शहरात पोलीस आयुक्तालयाचा. फाईल एका साहेबाकडून दुसऱ्या साहेबाकडं निघाली. अंतर रिक्षानं दहा मिनिटांचं, तिला लागले चौदा महिने. कोणत्या टेबलावर किती, ते सांगत नाही. मला अजून नूतनीकरण करायचंय.

आणि टेबलापलीकडचा माणूस बंदुकीचा अर्ज घेऊन आलेल्याकडं जरा निरखून बघतो, यात मला तरी नवल वाटत नाही. हे नाशिक आहे. २१ डिसेंबर १९०९च्या रात्री इथल्या विजयानंद थिएटरात 'शारदा'चा प्रयोग होता. तिथं अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर ब्राउनिंग पिस्तूल झाडलं. पिस्तूल लंडनहून आलेलं, कुठल्याही नमुन्यातला अर्ज न भरता. कान्हेरे तेव्हा अठराचेही नव्हते. पुढच्या एप्रिलात ते फासावर गेले. आज त्यांच्या नावाच्या मैदानावर मुलं क्रिकेट खेळतात आणि मी 'अर्जदाराचे नाव' या रकान्यात आडनाव आधी की नाव आधी, या चिंतेत उभा असतो.

२०१६च्या नियमांनी संग्रहात आणखी भर पडली. हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा कागद. विशिष्ट ओळख क्रमांक, म्हणजे परवान्याचं आधार कार्ड. आणि डॉक्टरचा दाखला: शरीर धड आहे, मनही ठिकाणावर आहे.

यातला शेवटचा कागद आमच्या भागात मागणं म्हणजे मौजच. इंग्रजीत माणसाचं डोकं फिरलं की त्याला 'डूलाली' म्हणतात. हा शब्द कुठून आला? आमच्या देवळालीहून! गोऱ्या फौजेचा तिथं मोठा तळ होता. मुदत संपलेले शिपाई मायदेशाच्या जहाजाची वाट बघत तिथं पडून राहायचे. जहाजं हिवाळ्यातच सुटत. ज्याची मुदत उन्हाळ्यात संपली, त्याला महिनोन्महिने काम नाही, कवायत नाही, नुसतं ऊन, माशा आणि ताप. पोरांची डोकी फिरायची. त्याला ते 'डूलाली टॅप' म्हणू लागले, आणि तो 'टॅप' म्हणजे आपला तापच. सगळ्या जगाला वेडाचा शब्द पुरवणाऱ्या गावाच्या हाकेवर राहून, हातात फाईल घेऊन, चौदा महिने वाट बघितलेल्या माणसानं मन ठिकाणावर असल्याचा दाखला आणायचा. डॉक्टरांनी विचारलं, "झोप लागते का?" म्हटलं, "नूतनीकरण झालं की लागते."

आणखी एक गैरसोय आहे, ती निव्वळ नाशिकची. हा तोफांचा गाव. तोफखान्याची शाळा काकूलहून देवळालीला आली, तोफखान्याचं केंद्र नाशिकरोडला. २०१८च्या नोव्हेंबरात नव्या एम-७७७ तोफा आणि के-९ वज्र इथंच फौजेत दाखल झाल्या. सरावाच्या दिवशी आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरतात आणि मांजर पलंगाखाली जातं. अशा गावात 'आमच्याकडं रायफल आहे' हे सांगून कुणावर छाप पडावी? सुभेदारसाहेबांसारख्यांच्या लेखी रायफल म्हणजे दात कोरायची काडी. मी एकदा रंगात येऊन सांगितलं, "साहेब, मिनिटाला पंधरा नेमके बार काढायचे थ्री-नॉट-थ्रीवाले." त्यांनी चहा फुंकला. "असेल. आमची एक गोळी पडली की मोजायला कोणी उरायचं नाही."

पण थ्री-नॉट-थ्रीची थट्टा मला आवडत नाही. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२०च्या प्रजासत्ताकदिनी. २६/११च्या रात्री सीएसटीच्या फलाटावर आपल्या काही पोलिसांच्या हातात तीच होती, समोर एके-४७. तो दोष रायफलीचा नव्हता. शंभर वर्षांपूर्वीच्या म्हातारीला त्या फलाटावर उभं करणाऱ्यांचा होता.

आता निवडणुका. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायची नोटीस येते. बँकेच्या गार्डांना सूट असते. म्हणजे माझ्या शाखेतला गार्ड बंदूक घेऊन दारात उभा, आणि त्याचा निवृत्त मॅनेजर रायफल चादरीत गुंडाळून रिक्षात. रिक्षावाला विचारतो, "काका, सतार का?" मी हो म्हणतो.

लोकसभा, विधानसभा, महापालिका. आमच्या रायफलीनं जेवढ्या निवडणुका आतून पाहिल्या, तेवढ्या कुठल्या पुढाऱ्यानं पाहिल्या नसतील. पण माझं खरं दुःख दसऱ्याचं आहे. घरात हत्यार असून शस्त्रपूजन नाही! २००९ साली दसरा २८ सप्टेंबरला, मतदान १३ ऑक्टोबरला. २०१४ला दसरा ३ ऑक्टोबरला, मतदान १५ला. २०१९ला दसरा ८ ऑक्टोबरला, मतदान २१ला. सलग तीन विधानसभांना आमचं शस्त्र ऐन दसऱ्याला ठाण्यात. पहिल्या वर्षी मी पाटावर सुरी आणि पेचकस ठेवून वेळ भागवली. दुसऱ्या वर्षी बायकोनं कपाटातून जमा केल्याची पावती आणली, पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. म्हणाली, "तुमचं खरं शस्त्र हेच." आपट्याचं पान मी पावतीवरच वाहिलं. तेव्हापासून घरात तीच प्रथा आहे. पावतीवर कुंकवाचा डाग पडला म्हणून परत घेताना एकदा वादही झाला.

२०२४ला मात्र दैव फिरलं. दसरा १२ ऑक्टोबरला, आचारसंहिता १५ला. तीन दिवसांनी जिंकलो! त्या वर्षी खऱ्या रायफलीला झेंडूची माळ घातली. चौथ्या दिवशी ती माळ तशीच ठेवून रिक्षात बसलो, कारण काढायचं जिवावर आलं होतं. रिक्षावाला म्हणाला, "विसर्जन का?"

एक गोष्ट इथं नोंदवतो, राजकारण म्हणून नव्हे, निरीक्षण म्हणून. नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षं उलटली तरी निवडणूक झाली नाही. प्रशासक आले. लोक वर्तमानपत्रांत लोकशाहीसाठी तळमळत होते. मीही तळमळलो, सभेला गेलो, सही केली. पण घरी येऊन कपाट उघडलं की रायफल जागेवर दिसे आणि मनाच्या एका कोपऱ्यात, लाज वाटावी इतकं बरं वाटे.

२०२४च्या विधानसभेनंतर रायफल परत आली, ती पावसाळ्यात भिजल्यासारखी. पावतीवर 'स्थिती' या रकान्यात 'जुनी' एवढंच लिहिलेलं. घरी येऊन बोल्ट काढला आणि नळीच्या तोंडाशी तांबूस ठिपका दिसला. बोटानं पुसला, गेला नाही. तीस वर्षांत पहिला गंज! आधी पोटात गोळा आला. मग कलम ४५ आठवलं. मी पातेलं गॅसवर ठेवायला निघालो होतो, ते खाली ठेवलं. चिंदी ठेवली, तेलाची बाटली ठेवली. बायकोला म्हटलं, "यापुढं हात लावायचा नाही. आपोआप होऊ दे." तिनं मला जरा वेळ पाहिलं आणि डॉक्टरचा नंबर शोधू लागली.

चार रविवार कळ काढली. पाचव्या रविवारी सुभेदारसाहेबांना बोलावलं. "साहेब, तज्ज्ञ म्हणून सांगा. हिची कितपत गेली?" त्यांनी बोल्ट काढला, नळी खिडकीच्या उजेडाकडं धरली आणि एक डोळा मिटून बराच वेळ आत पाहत राहिले. रायफलीकडं इतक्या आदरानं पाहताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो.

"ठिपका वरचा आहे," ते म्हणाले. "आत आरसा आहे आरसा. मॅनेजरसाहेब, ही अजून शंभर वर्षं कुठं जात नाही."

बायकोनं न सांगता दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं. नूतनीकरणाचा फॉर्म मी त्याच संध्याकाळी भरायला घेतला.